तुटलेलं बटण फुकट

जांबे, मंगळवार

आईस वाल्मीकचा दंडवत,

मी बरा हाय, दोन येळचं पोटभर जेवतोय. फोनवर तुमी समदे मिळून ऐकता, म्हणून हे तुला एकटीला लिहितोय.

आमच्या गल्लीत आता इस्त्रीची चार दुकानं झाली. गिऱ्हाईकानं माझ्याकडंच का यावं, असा इचार करून मी पाटी लावली होती, ‘तुटलेलं बटण फुकट लावून मिळंल.’ टाके घालायला तूच शिकवलंस. दोन म्हैने लई गर्दी झाली. बाजूच्या बिल्डिंगीत वरच्या मजल्यावर राहणारी, कंपनीत कामाला जाणारी एक पोरगी म्हणाली, "भैया, घर की याद आ गई."

मग समोरच्या इस्त्रीवाल्यानं पण तशीच पाटी लावली. वर मोबाईलवर कळवलं की त्याचा माणूस घरून कपडे नेतो. ती पोरगी पण तिकडंच देती. परवा रस्त्यात भेटली, तर खाली बघून म्हणाली, "भैया, नीचे आने का टाइम नहीं मिलता." तिचं तरी काय चुकलं? माझ्याकडं त्या दिवशी सात शर्ट आले.

काल दुकान बंद केलं. येत्या सोमवारपासून समोरच्याकडंच इस्त्री करायला जाणार हाय. माणूस वाईट न्हाई. "तुमचा हात चांगला हाय," म्हणाला.

तुझा गुडघा कसा हाय? म्हस व्याली का?

आप्पा पुढच्या आठवड्यात पोराचं दुकान बघायला यायचं म्हणत्यात. त्यांना कायतरी सांगून थांबव. मला काय सांगावं ते सुचत न्हाई.

तुझा,
वाल्मीक