जाळीच्या कपाटातल्या अळ्या

बाबा, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली, तरी माझं तुमच्याशी भांडण मिटलेलं नाही, आणि ते मला मिटवायचंही नाही.

सातवी झाल्यावर तुम्ही मला घरी बसवलंत. पुढची शाळा छावणीपलीकडे, वाटेत गोरे शिपाई, आणि तुमच्या कचेरीतला जो तो सल्ला द्यायला मोकळा. मी रडले नाही. अधारतालच्या आपल्या अंगणात लिंबोणीच्या झाडापाशी जाऊन बसू लागले, आणि तिथे मला त्या अळ्या दिसल्या. कोवळ्या पानाच्या रंगाच्या, काकडीच्या बीएवढ्या, आणि प्रत्येकीभोवती दोन-तीन काळ्या मुंग्या. मुंगी मिशांनी अळीला थापटते, अळी पाठीवर गोड थेंब काढून देते, आणि गांधीलमाशी आली की त्याच मुंग्या तिच्या अंगावर धावून जातात. हे मी रोज बघत होते.

तुम्ही कचेरीतून आलात आणि टोपीही न काढता वाकलात. "मुंग्या खाऊन राहिल्या त्यांना, दिसत नाही का तुला?"

"खाऊन नाही राहिल्या बाबा, राखण करून राहिल्या."

"अच्छा. काल जन्मली अन् मला शिकवून राहिली."

मुंग्या झटकून पाच अळ्या तुम्ही डहाळीसकट उचलल्यात आणि दुधादह्याच्या जाळीच्या कपाटात ठेवल्यात. त्याच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंगीला चढायची सोयच नाही. मी म्हटलं, त्या मरतील.

"काहून मरतील? यातून एक जरी फुलपाखरू निघालं, तर शाळेचं नाव काढायचं नाही. नाही निघालं तर चलो, मी स्वतः तुझं नाव घालून येतो."

कपाटात ते गोड थेंब चाटायला मुंग्या नव्हत्या, म्हणून चार अळ्यांवर बुरशी चढली. पाचवी कोशातच वाळली, असं मी तुम्हाला सांगितलं. झाडावरच्यांनी मात्र एका धाग्याने पानाला कंबर बांधून कोश केले आणि आठवड्याने नखाएवढी फुलपाखरं उडाली. पंख उघडले की निळी, मिटले की राखाडी. तुम्ही शब्द पाळलात. टांग्यात बसवून मला शाळेत नेलंत आणि माझं नाव घातलंत. तुम्ही मला जपत होतात हे मला तेव्हाही कळत होतं. तरी चूक तुमचीच होती. पुढे तीस वर्षं मी मुलींना शिकवलं, ते याच जोरावर.

आता पाचवीचं सांगते. ती वाळली नव्हती. एका सकाळी तुम्ही अंघोळीला गेला होतात आणि एक निळं फुलपाखरू कपाटाच्या जाळीवर धडका देत होतं. मी दार उघडलं, त्याला खिडकीबाहेर घालवलं आणि रिकामा कोश चुलीत टाकला. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून लिहिते: ती सकाळ पुन्हा आली, तरी मी ते दार उघडेन.