‘शांत’ गटातल्या हत्तीबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
प्राणिसंग्रहालय व उद्यान विभाग.

विषय : उद्याच्या ‘प्राणिमित्र दिन’ कार्यक्रमात इयत्ता चौथीच्या विद्यार्थ्यांच्या हस्ते हत्तीस फळे भरविण्याचा भाग रद्द करणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या शिक्षण कक्षाचे ‘पाहा आणि गट पाडा’ या उपक्रमाचे परिपत्रक.
२) माझे यापूर्वीचे दोन अर्ज.
३) त्या दोहोंवर मिळालेले आपले एकच उत्तर.

महोदय,

मी जवळच्या प्राथमिक शाळेत चौथीच्या वर्गाची शिक्षिका आहे. हा माझा तिसरा अर्ज असून तो मी आपल्या दालनाबाहेरील बाकावर बसून लिहीत आहे. आपण कार्यक्रमाच्या तयारीत असल्याने भेट होणार नाही, मात्र “लेखी असेल तर साहेब बघतील,” असे आपल्या लिपिकांनी सांगितले. बाहेर व्यासपीठाच्या फळ्या ठोकण्याचे काम चालू आहे. ठोकाठोक थांबली की हत्तीखान्यातून साखळीचा आवाज येतो. अक्षर वेडेवाकडे आल्यास क्षमस्व.

१. आपल्या परिपत्रकानुसार विद्यार्थ्यांनी तीन शनिवार संग्रहालयात येऊन, प्राण्यांच्या दिसणाऱ्या लक्षणांवरून त्यांचे गट पाडावयाचे होते. मी वर्गाला पहिल्याच दिवशी बजावले होते, “पाटी वाचायची नाही. पाटी वाचून गट पाडायचे तर वर्गात बसूनही पाडता येतात.” अंगावर काय आहे, पाय व नखे कशी, काय व कसे खातो, कान-शेपटी काय करतात आणि माणूस जवळ गेल्यावर प्राणी काय करतो, असे रकाने मुलांनीच आखले. शहामृगावरून बरीच भांडाभांडी झाली व अखेर ‘पंख असून चालणारे’ असा नवा गट निघाला. एका विद्यार्थिनीने हेच रकाने आपल्या फाटकावरील रखवालदारांना लावून ‘जवळ गेल्यास डोळे उघडत नाही’ अशी नोंद केली, त्याबद्दल मी त्यांची तेथेच माफी मागितली आहे. सांगण्याचा उद्देश एवढाच की मुलांनी काम मनापासून केले.

२. पहिल्या शनिवारी मुलांनी हत्ती ‘माणसाजवळ येणारे’ या गटात घातला. नेहमीचे माहूत हजर होते. सगळे गाव ज्याला ‘आजोबा’ म्हणते त्या हत्तीने कठड्यावरून सोंड बाहेर काढून मुलांची डोकी हुंगली. मुले खिदळली. त्या दिवशीच्या गटाबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही.

३. दुसऱ्या शनिवारी माहूत पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी रजेवर गेलेले होते. त्यांच्या जागी पक्षी विभागातले कर्मचारी आले होते. मुले त्यांना पोपटकाका म्हणतात. हत्तीच्या डोळ्याच्या व कानाच्या मध्ये, दोन्ही बाजूंना, ओला काळपट डाग दिसत होता. सोंड बाहेर आली नाही. एका मुलाने ‘आजोबा रडतात’ असे लिहिले. रडणे हा आपला अंदाज झाला, दिसते ते पाणी गळणे, असे सांगून मी ते त्याच्याकडून दुरुस्त करून घेतले.

तिसऱ्या शनिवारी तो ओघळ तोंडाच्या कोपऱ्यापर्यंत आला होता. मागचे पाय आतल्या बाजूने ओले होते व मुलांनी नाके धरावीत इतका उग्र वास येत होता. चारा जसाच्या तसा पडलेला. एरवी पंख्यासारखे हलणारे कान ताठ धरलेले. सुळे घासून घासून भिंतीचा गिलावा खाली आलेला. पोपटकाका पाण्याची बादली घेऊन दारापाशी गेले तेव्हा हत्तीने पायाशी पडलेला ओंडका उचलून त्यांच्या दिशेने फेकला. तो कठड्यावर आदळला. माझ्या वर्गाला गप्प करण्यासाठी मला रोज टेबलावर डस्टर आपटावे लागते, त्या दिवशी ते न आपटता सगळी मुले गप्प झाली आणि एकेक करून मागे सरकली. मग त्यांनी हत्तीला आधीच्या गटातून काढून ‘अंतर ठेवावे असे’ या गटात, बिबट्या व मगरीच्या शेजारी, बसविले.

४. मी प्राण्यांची डॉक्टर नाही. परंतु हत्तीविषयीचे कोणतेही साधे पुस्तक उघडले तरी या लक्षणांचे नाव सापडते. वयात आलेला नर अधूनमधून मदावर येतो, तेव्हा कानशिलातून मद गळतो व त्या काळात तो आपल्या माणसालाही जुमानत नाही. खात्री करावी म्हणून मी माहुतांच्या घरी फोन केला. त्यांना धड बोलवत नव्हते, तरी म्हणाले, “बाई, दोन्ही बाजूंनी गळतंय? मग मी बरा असतो तरी गेलो नसतो आत.” हे मी पहिल्याच अर्जात कळविले होते.

५. मुलांचे तक्ते आपल्या शिक्षण कक्षाकडून परत आले. प्रत्येक तक्त्यावर लाल शाईत शेरा होता, ‘हत्ती : गट चुकला. योग्य गट – शांत व माणसाळलेले. दुरुस्त करून फेरसादर करावे.’ आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून विचारले, “अहो, रबरानं खोडायला असा कितीसा वेळ लागतो?” मी तक्ते वर्गात वाटले. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, “बाई, आम्ही चुकीचं पाहिलं का?” मी नाही म्हटले. तक्ते खोडलेले नाहीत.

६. माझ्या पहिल्या अर्जावर तोंडी सांगण्यात आले की प्राण्यांचे गट मंजूर यादीप्रमाणे असतात व गट बदलण्यासाठी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांचा दाखला लागतो. ते पद रिक्त आहे. फिरते डॉक्टर पुढील महिन्यात येतात. म्हणून दुसऱ्या अर्जात मी गटाचा विषय सोडला व फक्त कार्यक्रमापुरती विनंती केली. त्यावर लेखी उत्तर आले की सदर प्राणी ‘शांत’ गटात मोडत असल्याने धोक्याचा प्रश्न उद्भवत नाही, आणि गटाबाबत हरकत असल्यास दाखला जोडून अर्ज करावा. म्हणजे हत्ती शांत आहे कारण तो शांतांच्या यादीत आहे, आणि यादीतून त्याला काढू शकणारा माणूस कार्यक्रम उरकल्यावर येणार आहे.

त्यानंतर मी आपणास समक्ष भेटले. आपण म्हणालात, “धूळ गेली असेल हो डोळ्यांत. बांधकाम चालू आहे. पाणी माझ्याही डोळ्यांतून येतं, मी कुणाला तुडवलं का आजवर?” दालनातील सर्वजण हसले. आपण साहेब असल्याने मीही हसले. परंतु महोदय, ते पाणी डोळ्यांतून येत नाही. डोळ्याच्या मागून, कानाच्या पुढून येते. आपल्या दालनाच्या खिडकीतून हत्तीखाना समोर दिसतो. एकदा उभे राहून पाहावे, एवढेच मी त्या दिवशी म्हणणार होते व म्हणाले नाही.

७. परवा पोपटकाकांना अपघात झाला. ओल्या फरशीवरून पाय घसरून पडल्याची सूचना आपल्या फलकावर लागली आहे. मी काल शाळा सुटल्यावर त्यांना इस्पितळात पाहून आले. त्यांच्या पत्नी उशाशी बसल्या होत्या. म्हणाल्या, “घसरले म्हणूनच सांगायचं ठरलंय, ताई. यांची नोकरी अजून कायम व्हायचीय.” मग त्यांनी दाराकडे पाहून चादर बाजूला केली. “घसरल्यावर बरगड्या अशा आत जातात का? तुम्ही शिकवता ना पोरांना, तुम्हीच बघा.” मी पाहिले. त्याचे वर्णन येथे करीत नाही. पोपटकाका डोळे मिटून होते. मी निघाले तेव्हा ते तसेच, खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, “ओरडला नाही हो तो. नुसता बाजूला सरकला, आणि मग भिंत आली.”

हा मजकूर त्यांच्या पत्नीला विचारूनच लिहीत आहे. “लिहा. माणूस उठून बसला तर नोकरी,” असे त्या म्हणाल्या. तरीही याचा राग त्या कुटुंबावर निघू नये, ही हात जोडून विनंती.

८. उद्याच्या कार्यक्रमपत्रिकेनुसार पाहुणे आल्यावर हत्तीखान्याचे पुढचे दार उघडून हत्तीस मैदानात आणले जाईल, विद्यार्थी दोन्ही बाजूंना रांगेत उभे राहतील व एक विद्यार्थिनी फळांची टोपली त्याच्यापुढे धरील. सोबत रोपवाटिकेतले एक माळी असतील. त्यांना मी आताच बाहेर भेटले. ते म्हणाले, “मला सांगितलंय, नुसतं शेजारून चालायचं.”

काल मी पालकांना शाळेत बोलावले होते. एक गृहस्थ मुलाचा इस्त्रीला टाकलेला गणवेश घेऊन थेट तिकडूनच आले होते. म्हणाले, “बाई, पेपरात फोटो येणार पोरांचा. तुम्ही कशाला मोडता घालता?” एक आई म्हणाली, “मी एवढीशी होते तेव्हापासून आजोबा ओळखतात मला.” काहींनी खाली मान घालून मुलांना पाठवणार नसल्याचे सांगितले. आज सकाळी त्यांना शाळेकडून निरोप गेला की गैरहजेरीची नोंद निकालपत्रावर होईल. मी स्वतः वर्ग घेऊन येणार नाही असे मुख्याध्यापिकाबाईंना लेखी दिले. त्यावर वर्ग व्यायामाच्या सरांकडे देण्यात आला. सर भले गृहस्थ आहेत. हत्तीजवळ निदान शिट्टी तरी वाजवू नका, असे मी त्यांना विनवले. ते म्हणाले, “शिट्टीशिवाय रांग कशी लागायची, बाई?”

९. टोपली धरण्यासाठी निवडलेली विद्यार्थिनी ही माझी मुलगी आहे. ती माझ्याच वर्गात आहे. तोंडाला क्षणाची उसंत नसते म्हणून घरी आम्ही तिला टकळी म्हणतो. काल संध्याकाळी ती वहीला कव्हर घालीत बसली होती, तेव्हा मी तिला सांगितले की उद्या तुझे पोट दुखणार आहे, तू घरी राहायचे. तिने विचारले, “आई, मी नाही गेले तर टोपली कुणाला देतील?” मी म्हटले, देतील कुणाला तरी. ती म्हणाली, “कुणाला?”

महोदय, मी चौथीच्या वर्गाची हजेरी रोज पुस्तक न उघडता घेते. सगळी नावे मला तोंडपाठ आहेत. त्या वेळी मला एकही घेता आले नाही. टकळी जेवण होईपर्यंत एक शब्द बोलली नाही, आणि पान उचलताना म्हणाली, “मग मीच जाते.”

१०. तरी खालीलप्रमाणे विनंती आहे.

(अ) हत्तीचा भाग कार्यक्रमातून पूर्णपणे वगळावा.

(आ) ते शक्य नसल्यास हत्ती आतच ठेवून मुलांना बाहेरच्या कठड्याच्याही मागे उभे करावे.

(इ) तेही शक्य नसल्यास निदान पायातील साखळी काढू नये.

एवढे लिहून होईतो आपले लिपिक बाहेर आले. उभ्याउभ्या वाचून त्यांनी सांगितले की पहिल्या दोन गोष्टी निमंत्रणे गेल्याने आता होणार नाहीत, आणि साखळीचे म्हणाल तर “फोटोत साखळी नको असं वरून आलंय.” त्यांनी हे वाईट वाटूनच सांगितले, माझ्यासाठी पाणीही आणून दिले. सबब (अ), (आ) व (इ) रद्द समजून पुढील विनंती विचारात घ्यावी.

(ई) टोपली माझ्या हाती द्यावी. मुलांच्या रांगा लावू नयेत, कार्यक्रम संपेपर्यंत त्यांना माहिती केंद्राच्या इमारतीत दार लावून बसवावे. फोटोसाठी मी नवी साडी नेसून येईन. कुणाकडेही तक्रार करणार नाही, तसे लिहून देण्यास तयार आहे.

लिपिक हे विचारण्यासाठी आत जाऊन आले. टोपलीचे आपण मान्य केल्याचे त्यांनी सांगितले, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. मात्र मुलांवाचून प्राणिमित्र दिन कसला, रांगा तर लागतीलच, असे आपण म्हणाल्याचे कळले.

तर मग महोदय, माझी एकच विनंती उरते. मुले जेथे उभी राहणार आहेत त्या बाजूच्या कुंपणाला सामान आणण्याचे एक लहान फाटक आहे. मी येताना पाहिले, त्याला कुलूप होते. कार्यक्रमाच्या वेळेपुरते ते कुलूप काढून ठेवावे, फाटक सताड उघडे असावे आणि त्याच्या तोंडाशी खुर्च्या, कुंड्या किंवा पाहुण्यांची गाडी लावू देऊ नये. याला कुणाचा दाखला लागत नसावा.

कुलूप निघालेले डोळ्यांनी पाहीपर्यंत मी येथेच बसून आहे.

आपली नम्र,
(सही)
वर्गशिक्षिका, इयत्ता चौथी

दिनांक : कार्यक्रमाच्या आदला दिवस, दुपार.

सोबत :
१) विद्यार्थ्यांचे निरीक्षण तक्ते, न खोडलेले.
२) यापूर्वीच्या दोन अर्जांच्या प्रती.
३) उद्या रांगेत उभ्या राहणाऱ्या मुलांची नावे, पालकांचे फोन नंबर व प्रत्येकाचा रक्तगट. प्रथमोपचाराच्या टेबलावर ठेवण्यासाठी.