हायाशी आजींनी आईला लिहिलेली पत्रं

ओसाका

प्रिय आईला, आपल्या कोडोली गावाकडं तोंड करून नमस्कार.

मी बरी आहे, वजनही वाढलंय. म्हैस व्याली का? फोनवर हे सगळं सांगता येत नाही, म्हणून लिहितेय.

इथल्या वृद्धाश्रमात मी हायाशी आजींची सेवा करते. त्या चित्रकार आणि लेखिका. तरुणपणी गोणपाटावर डांबर ओतून चित्रं करायच्या, लोक हसायचे. चित्रांसाठीच पॅरिसला गेल्या, आणि आई आजारी पडली तरी परतल्या नाहीत. ती गेल्यावर वीस वर्षं तिच्याच जुन्या किमोनोंवर, म्हणजे इथल्या पायघोळ झग्यांवर, तिला पत्रं लिहीत राहिल्या. त्या किमोनोंमुळेच त्यांचं नाव झालं.

काल केस विंचरताना मी म्हटलं, "किती सुंदर लिहिलंय तुम्ही."

"तिनं एकही वाचलं नाही," त्या म्हणाल्या.

मी त्यांचे केस विंचरत राहिले.

आई, अप्पांच्या छातीत दुखतंय, हे मला शेजारच्या अनुजानं सांगितलं. तू मात्र रोज "समदं बरं हाय की" म्हणतेस.

रजा अजून मंजूर नाही, पण अकरा तारखेचं तिकीट काढलंय. अप्पांना सांगू नकोस, नको म्हणतील. दार उघडायला तेवढी तूच ये.

तुझी,
आदिती