पान अठ्ठावन्नवरचा टोपीवाला

शनिवार, ९ नोव्हेंबर. सकाळ.
झालं! नऊ वर्षांचं तप फळाला आलं. कंपनीने ‘ग्रे हेरन’ हे कॉमिक अर्ध्यात बंद केलं, मी नाही केलं. शेवटचा अंक आज वेबसाइटवर चढवला. चौसष्ट पानं, सगळी माझ्या हातची. डुलुथ शहरात आज माझ्याएवढा कलावंत नाही. नोरीनला तसं सांगितलं. बायकोच ती. म्हणाली, "आधी दारातला बर्फ काढ, कलावंता."
संकल्प: कॉमेंट दिवसातून एकदाच वाचायच्या.

दुपार.
जेवताना पुन्हा वाचल्या. एक म्हणतो, पान उघडत नाही. दुसरा म्हणतो, उघडलं, आता पस्तावतोय. बर्नाडीनबाई अजून गप्प. एरवी पहिली कॉमेंट त्यांचीच.
आणि एकदम आठवलं. लाइल!

रविवार, १० नोव्हेंबर.
लाइल म्हणजे बाईंचा नवरा. दोघं मिळून माझं कॉमिक वाचायचे. मार्चमध्ये तो गेला. जुन्या वाचकांना मी चित्रातल्या गर्दीत काढतोच, म्हणून बाईंनी एवढंच मागितलं होतं: शेवटच्या अंकात कुठेतरी लाइल दिसू दे, त्याच्या टोपीसकट. फोटोही पाठवला. मी लिहिलं, "हे काय सांगायला हवं? शब्द दिला." आणि साफ विसरलो. गर्दीत माझा दातांचा डॉक्टर आहे. शेजाऱ्याचं कुत्रं आहे. लाइल नाही.
मोठ्या कामात असं राहून जातंच. स्वतःला समजावलं. पटलं नाही.
संकल्प: आजच त्याला पान ५८ वर घुसवायचा.

सोमवार, ११ नोव्हेंबर.
घुसवला नाही. दिवस भांडणात गेला, तेही पान ५८ वरूनच. पूल कोसळतोय, नायक हेरन जखमी, आणि एक टोपीवाला माणूस पूल खांद्यावर पेलून शाळेची बस जाऊ देतोय. तो मी. जाणकार ओळखतील म्हणून नाव दिलं नव्हतं. जाणकार लिहितात: "हा ढेरपोट्या कोण रे?" "हेरन बिचारा कोपऱ्यात कण्हतोय, आणि पूल उचलतायत हे काका!" "नऊ वर्षं थांबलो ते काकांसाठी?"
मी दुसऱ्या नावाने लिहिलं, "मला हा माणूस फार भावला." लगेच उत्तर: "जेरी, गप बस."

बुधवार, १३ नोव्हेंबर.
लाइलचा फोटो सापडत नाही. जुन्या फोनमध्ये होता, तो फोन नोरीनने देऊन टाकला. म्हणजे चूक तिची. तिला तसं म्हटलं. ती म्हणाली, "सरळ लिही ना बाईला, विसरलो म्हणून. ती काय खाणार आहे तुला?"
लिहायला बसलो. पानभर झालं, त्यात अर्धं माझ्या पाठदुखीबद्दल. पाठवलं नाही. आपण वाईट माणूस आहोत असं आज पहिल्यांदा वाटलं.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर.
ठरलं. उद्या पाठवणार. पाठदुखी वगळून.

शनिवार, १६ नोव्हेंबर.
बाईंनीच आधी लिहिलं. सगळ्यांसमोर.
"पोरांनो, चेष्टा पुरे. ते टोपीवाले काका म्हणजे माझा लाइल. जेरीने शब्द दिला होता. मला वाटलं, गर्दीत कुठेतरी एवढंसं तोंड दिसेल. याने तर अख्खा पूल त्याच्या खांद्यावर दिला. शेवटी शेवटी लाइलला चमचासुद्धा उचलवत नव्हता रे."
कालचे टवाळ आज डोळे पुसतायत. "जेरी, माफ कर यार." "हे पान म्हणजे सगळ्या कॉमिकचं काळीज." नऊ वर्षं ज्या कौतुकासाठी झुरलो, ते असं धो धो आलं, आणि मला घशाखाली उतरेना.
बाईंनी खाली विचारलंय, "पोट जरा जास्त वाटतंय. पण तोच ना?"
नोरीन मागे उभी होती. विचारलं, खरं सांगू? ती म्हणाली, "आता? आता तुझी हिंमत आहे?" आणि स्वयंपाकघरात गेली.
मग लिहिलं, "हो, लाइलच. पोटाचं चुकलं माझं. माफ करा."