‘कोणाकडून कळलं?’

मंगळवार, ९ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. तू, वहिनी, मुलं बरी असाल. आम्हीही ठीक आहोत. वर पत्ता घातलेला नाही. तो घाईत राहिला असं समजू नकोस.

चिमणीचा पुढचा दात पडलाय, त्यामुळे ती बोलते कमी आणि शिट्ट्याच जास्त वाजवते. गेस्ट हाऊसच्या कामात माझाही हात बसला होता. जागा एवढीशी, पण मालकीणबाईंचा थाट मोठा. दारापाशी स्टुलावर अभिप्रायाची वही. पाहुण्याने निघताना त्यात लिहायचं: नाव, गाव, आमच्याबद्दल कोणाकडून कळलं, आणि अभिप्राय. सकाळच्या चहाला बाई ते आम्हाला मोठ्याने वाचून दाखवतात. नळ गळतो असं कुणी लिहिलं की प्लंबरच्या नावाने शंख. कौतुक असेल तर जिचं तिला एक बिस्किट जास्त.

आज ते बिस्किट मला मिळालं. बाईंनी वाचलं, "चादरीचे कोपरे पाकिटासारखे दुमडलेले. माझी बायको अगदी असेच दुमडते. पुन्हा नक्की येणार."

"बघ गं, तुझ्यामुळे माणसाला बायकोची आठवण आली," बाई म्हणाल्या. सगळ्या हसल्या. मीही हसले, पण बशी खाली ठेवली.

नंतर पुसायच्या निमित्ताने वही उघडली. नाव भलतंच घातलंय, पण अक्षर त्याचंच. पेन इतकं दाबून लिहिलेलं की मागच्या पानावर बोट फिरवलं तरी लागतं.

"गेले का हे पाहुणे?" मी विचारलं.

"छे, मुक्काम वाढवलाय. वहीत मात्र आधीच लिहून मोकळा झाला. हौशी दिसतोय."

म्हणजे तो वरच्या खोलीत होता आणि मी जिन्याखाली. दादा, त्याने मोडलेलं मनगट मी उगीच घट्ट धरून उभी राहिले. त्या वेळी प्लॅस्टर घालायला तूच नेलं होतंस. गाडीत माझ्यापेक्षा तूच जास्त रडलास.

‘कोणाकडून कळलं’ या रकान्यात त्याने लिहिलंय: मेहुण्याकडून.

इथला पत्ता फक्त तुझ्याकडे होता. तो तुझ्या दारात येऊन रडला असेल, सुधारलो म्हणाला असेल, आणि तू विरघळला असशील. की तुलाही दम दिला? तसं असेल तर जपून राहा. रागवायचं आहे मला तुझ्यावर, पण आत्ता भीतीच एवढी आहे की रागाला जागा नाही.

बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी त्याला गप्पांत गुंतवलं, तेवढ्यात मी मागच्या दाराने निघाले. चिमणीच्या शाळेचं नाव तुला कधी कळवलं नव्हतं, त्याचं आज हायसं वाटलं. तिला शाळेतूनच घेतलं. आता बसस्टँडवर बसून लिहितेय. कुणी आत आलं की मान वर करते, म्हणून अक्षर असं. चिमणी विचारतेय, मामाकडे चाललोय का? नाही म्हटलं.

कुठे ते तुला लिहीत नाही. तो पुन्हा तुझ्याकडे येईलच. तेव्हा त्याच्या डोळ्यांत बघून सांग, मला माहीत नाही. आता ते खोटं नसेल.

वहिनीला नमस्कार.

तरीही तुझीच,
धाकटी