बाहेर पळ म्हणलं मी

११ सप्टेंबर
सकाळी पोळ्या लाटताना जमिनीखालून गुरगुर झाली. मांडणीवरची ताटं खणखणली. तवा तसाच टाकून बाहेर पळाले. सगळी गल्ली रस्त्यावर. हे अर्ध्या तोंडाला साबण लावून उभे. समोरची शबानाभाभी कोंबड्यासुद्धा घेऊन आली होती. पाच-दहा मिनिटं उभे राहिलो, गप्पा मारल्या, आत आलो. पोळीचा कोळसा.

किल्लारीच्या भूकंपापासून आमच्या घरात एकच कायदा. हाललं की बाहेर. चपला नंतर. माझी आत्या त्या पहाटे साडी नीट करत बसली, ती आतच राहिली. म्हणून आमच्या लेकीला, रेणूला तर बोलता यायच्या आधीपासून शिकवलंय. हैदराबादला नर्सिंगच्या होस्टेलवर नुसता ट्रक गेला तर ही बया उशी घेऊन खाली मैदानात. मैत्रिणी अजून चिडवतात.

१४ सप्टेंबर
निलंग्याहून वन्स आल्या. रेणू कुठं असती म्हणून विचारलं. सांगता सांगता तोंड दुखलं.
ग्रँड केमन. बेट. अमेरिकेच्या खाली, क्युबाच्याही खाली.
देश हाय का? न्हाई.
मग कुणाचा? इंग्लंडचा. पण इंग्लंड न्हाई. लंडनहून राजा एक गव्हर्नर पाठवतो. बाकी आमदार, प्रधान त्यांचे तेच निवडून देतात.
वन्सना काही पटेना. शेवटी हे म्हणाले, निजामाच्या राज्यात इंग्रजांचा रेसिडेंट बसायचा ना, तसलंच काहीतरी. मग पटलं त्यांना. पुढचा प्रश्न, तिकडं नळ कितव्या दिवशी येतो? लातूरच्या माणसाला दुसरं सुचतं काय.
तर तिथं नदी न्हाई, ओढासुद्धा न्हाई. समुद्राचं पाणी यंत्रातून गोडं करतात अन् रोज सोडतात. हे बोअरच्या मोटारी दुरुस्त करणारे. यांचा चेहरा उतरला. म्हणे, असल्या गावात माझं दुकान चालायचं न्हाई.

२२ सप्टेंबर
रेणूचा फोन. तिकडं रात्र, इकडं माझा सकाळचा चहा. रोज असंच.
वॉर्डात हिच्यासोबत दोघी फिलिपिन्सच्या, एक केरळची, मोठी सिस्टर जमैकाची. तिथले मूळचे लोक थोडे, निम्मं बेट कामाला आलेलं. सगळ्यांचं परमिटवर. परमिट संपलं की बिस्तरा गुंडाळायचा.
बँका म्हणे ढिगानं, पण रांग कुठंच न्हाई. जगातले पैसेवाले तिथं नुसता कागदावर पैसा ठेवतात. इन्कमटॅक्स न्हाई. हे ताडकन उठून बसले. मग सरकार कशावर चालतं? बोटीतून उतरणाऱ्या प्रत्येक जिनसावर जकात. अन् शेती जवळजवळ न्हाईच, म्हणजे कोथिंबिरीवरही जकात. म्हणून तर मी पार्सलात काळा मसाला, शेंगा चटणी कोंबते.
कासवं पाळतात. अन् खातात पण. शिवा शिवा. हे वन्सला सांगायचं न्हाई.
करार उन्हाळ्यात संपतो. वाढवून द्यायचं म्हणून राहिलेत तिला. मी तोंडानं काही म्हणलं न्हाई. मनात म्हणलं, नको गं बाई, ये आता.

३ ऑक्टो.
वादळ येऊन राहिलंय तिकडं. बातम्यांत नावसुद्धा न्हाई केमनचं, पण यांच्या मोबाइलवर नकाशा दिसतो. पांढरा भोवरा, बाजूला ठिपका. ठिपका म्हणजे आमची लेक. हे दुकानात मोटार उघडून बसतात अन् मोबाइल बघतात. गिऱ्हाईक ओरडून गेलं.
बेट ताटासारखं सपाट. सगळ्यात उंच टेकाड आपल्या पाण्याच्या टाकीएवढं. रे. म्हणे, मम्मी, घरं पक्की असतात इथं, हे दरसाली चालतं. तिच्या आवाजात काहीतरी होतं. का मलाच वाटलं.

५ ऑक्टो.
लिहावंसं वाटत न्हाई. तरी लिहिते.
सकाळी फोन लागला. तिकडं संध्याकाळ. हॉस्पिटलात होती, दुपारपासून सगळ्या स्टाफला आतच ठेवलेलं. मागं आवाज असा की लोखंडी पत्रे कुणी फरफटत नेतंय. म्हणाली, मम्मी, बिल्डिंग हालून राहिली.
बस. "हालून राहिली" ऐकलं अन् माझं डोकं गेलं. ओरडले, "रेणू, बाहेर पळ. मोकळ्यावर जा. भिंतीपासून लांब. ऐकतीस का?"
म्हणाली, "हाव, निघते."
फोन बंद.
मी हुश्श करून चहाचं आधण ठेवलं. खरंच ठेवलं. यांना सांगितलं, बाहेर जा म्हणलंय, निघाली ती. यांच्या हातातला टॉवेल खाली पडला. म्हणाले, "अगं, वादळ हाय ते. भूकंप न्हाई."
तेव्हा कळलं मी काय बोलून बसले.
फोन लावला. लावला. लावतच राहिले. फोनमधली ती बाई काहीतरी इंग्रजीत सांगते अन् बंद.
माझी पोर लहानपणापासून एका शब्दावर बाहेर पळते. मीच शिकवलं.

६ ऑक्टो.
न्हाई लागत.
चूल, न्हाणं, काही न्हाई. यांनीच खिचडी टाकली. करपली. कुणी खाल्ली न्हाई. हे मला एक शब्द बोलले न्हाईत. बोलले असते तर बरं झालं असतं. मी लिंगपूजेला बसले, भस्म लावलं, पुढचं आठवंना. नुसतंच, माझं ऐकू नको गं पोरी, एवढंच.
दुपारी शबानाभाभी आली, शेजारी बसली. तिचा नवरा लई वर्षं सौदीला होता. तिला सगळं सांगितलं. कुणाला तरी सांगायलाच पाहिजे होतं. माझा हात धरून म्हणाली, "आपा, फोन नै लगा बोले तो लैन गई समजना. आदमी गया नै समजना." अन् तिथंच बसून माझ्या घरच्या शेंगा फोडत राहिली. संध्याकाळी उठली. टोपलंभर फोडल्या.

७ ऑक्टो.
आला.
मेसेज. केरळच्या पोरीच्या फोनवरून, एवढाच. "मी चांगली आहे. लाइट नाही. मोबाइल बंद. नंतर बोलते. रेणू."
यांना वाचून दाखवता येईना मला, मोबाइलच पुढं केला. त्यांनी वाचलं. चष्मा काढला. परत वाचलं. मी ओट्याला धरून मोठ्यानं रडले, गल्लीला ऐकू जाईल असं. शबानाभाभी धावत आली, आधी घाबरली, मग तीपण रडली, मग तिघं हसत बसलो.
मग भूक लागली. कधी न्हाई एवढी. धपाटे केले, दही होतं. हे सहा खाऊन दुकानात गेले. जाताना त्या दिवशी ओरडून गेलेल्या गिऱ्हाइकाला फोन केला, ये बाबा, तुझी मोटार फुकट दुरुस्त करून देतो म्हणाले. येडा माणूस.

९ ऑक्टो.
आज नीट बोलणं झालं. व्हिडिओवर. काळवंडलीय, पण हसत होती. एका बाजूची नारळाची झाडं सपाट. रस्त्यावर बोट येऊन बसलीय. हॉस्पिटल शाबूत. त्यांच्या वॉर्डातलं कुणी गेलं न्हाई. नळाला पाणी अजून न्हाई म्हणाली, तेव्हा हे मागून म्हणाले, आता आपल्यासारखं झालं.
मग मी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण निघालंच तोंडातून. बाहेर गेली होतीस का?
म्हणाली, तुझा फोन यायच्या आधीच एकदा गेलते दारापर्यंत. पायच उठले आपोआप. जमैकाच्या सिस्टरनं दंडाला धरून मागं ओढलं, शिव्या घातल्या. मग सगळ्यांनी मिळून पेशंटचे पलंग आतल्या बोळात ढकलले, खिडक्यांपासून लांब. तिथंच होते मी तुझ्याशी बोलताना.
"मग हाव कशाला म्हणलीस?"
"तू घाबरली होतीस, मम्मी. न्हाई म्हणलं असतं तर अजून घाबरली असतीस."
बघा. त्या "हाव"पायी आम्ही इकडं दोन दिवस मेलो, अन् ती म्हणते तुझ्यासाठी म्हणलं. रागवावं का मुका घ्यावा. पण खरं सांगू का, पोरीनं माझं ऐकलं न्हाई म्हणून इतका आनंद जन्मात झाला नव्हता. त्या जमैकाच्या बाईला पार्सल पाठवणार. तिला तिखट चालतं म्हणे.

१३ ऑक्टो.
वन्सचा फोन, शबानाभाभी, मंदिरातल्या बायका, सगळ्यांना सांगून झालं. प्रत्येक वेळी माझा मूर्खपणा थोडा कमी करून सांगते. हे मागून दुरुस्त करतात.
काल रात्रभर झोप लागली. तिकडं काय हवा आहे ते न बघता.
मधेच एक डोक्यात येऊन गेलं. रोज विचारते, जेवलीस? हाव. खोली चांगली हाय? हाव. करमतं का? हाव.
भाजी निवडायला घेतली अन् सोडून दिलं ते.

१७ ऑक्टो.
रे.चा फोन. कराराचा कागद आलाय तिच्या हातात, पुढच्या मुदतीचा. वादळानंतर नर्सा कमी पडून राहिल्यात, आग्रह करतात. सही केली न्हाई अजून.
मी म्हणलं, तुला राहावं वाटत असेल तर राहा. पटकन म्हणून टाकलं. मग राहवेना, विचारलंच. उन्हाळ्यात येतीस ना घरी, कायमची?
"हाव मम्मी, येते की."
चेहरा बघत होते तिचा. मागं खिडकीला नवी काच बसवत होता एक माणूस, त्याच्याकडं बघून बोलली.
मी जेव म्हणलं, फोन ठेवला.
हे दुकानातून आले. हात धुता धुता विचारलं, काय म्हणते? येते का उन्हाळ्यात?
लई आशेनं बघत होते.
मी म्हणलं, हाव.