दप्तर अजून खिडकीत आहे

मी, पद्मजा भानुदास रामटेके, वय अठ्ठावन्न, मूळ नागपूरची, सध्या राहणार डीमन, नेदरलँड्स, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. मार्चमध्ये कोरोनाने दवाखान्यात आडवं केलं तेव्हाही ते ठिकाणावरच होतं, फक्त धाप लागत होती. आता मी ठणठणीत आहे, कोणाच्या दबावाखाली नाही आणि मरायची मला मुळीच घाई नाही. कायद्याचा डच कागद नोटरीबाईंसमोर व्हिडिओ कॉलवर झालेला आहे. ही मराठी प्रत घरच्यांसाठी, त्यातही धाकटा भाऊ विवेक याच्यासाठी.

कलम १. माझा फ्लॅट माझ्या पश्चात विवेकची मुलगी धम्मदीपा हिला मिळावा. आधी इथे "तिने गणिताची पदवी घेतल्यास" अशी अट लिहिली होती. मग खोडली. अट घालून पोरीला गणितात ढकलायचं, तर तिला कॉम्प्युटरमध्ये ढकलणाऱ्या तिच्या बापात आणि माझ्यात फरक तो काय राहिला? फ्लॅट तिचाच, तिने काहीही शिकावं.

कलम २. सायकल आणि पंक्चरचं सामान धम्मदीपाला. मोठा कुकर भावजय लताला. शिट्टी अडकते, हे तिला माहीत आहे. शिल्लक ठेवीतला अर्धा भाग नागपूरला आमच्या वस्तीतल्या विहाराच्या अभ्यासिकेला, उरलेला धम्मदीपाच्या शिक्षणाला. बाबा फळ्यावर वर्तुळं काढायचे तो लाकडी कंपास ज्याला हवा त्याने तोंडाने मागावा. कोणी मागितला नाही, तर तोही अभ्यासिकेला.

कलम ३. विवेकला काहीही नाही. रागाने नव्हे. त्याला मी साक्षीदार नेमलं आहे, आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये. साक्षीदाराने मजकूर वाचायलाच हवा असंही नाही. पण आमचा विवेक बिस्किटाच्या पुड्यावरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय बिस्किट खात नाही, सही तर लांबच. फोनवर माझं बोलणं तो अर्ध्यात तोडतो. कागद तोडता येत नाही, म्हणून हा उपद्व्याप.

कलम ४. राग. विवेक, इथून नीट वाच.

जूनमध्ये पोरगी शाळा पास झाली. यंदा शेवटची परीक्षाच झाली नाही, तरी इथल्या रिवाजाप्रमाणे उइटहॉर्न गावातल्या तुमच्या घराच्या खिडकीत झेंडा लागला आणि काठीला तिचं दप्तर लटकलं. मी खाली रस्त्यावर लांब उभी राहून टाळ्या वाजवत होते. वरून ती ओरडली, "आत्या, आय वॉन्ट टू डू मॅथ्स! नॉट कॉम्प्युटर!" आणि दारातून तू म्हणालास, "गणित करून काय होणार? मास्तरीण?"

बाप्पा! आपण दोघं मास्तराच्याच पगारावर मोठे झालो ना रे? बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायचे आणि संध्याकाळी वस्तीतली पोरं आपल्या ओट्यावर बसायची. तूही त्यांच्यातच बसून शिकलास. त्या दिवशी मला फार लागलं. हा राग मला सोबत न्यायचा नाही, म्हणून इथे ठेवते.

दुसरा राग लहान आहे. गेल्या वर्षी बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमात तू माझी ओळख "इन्शुरन्सवाली ताई" अशी करून दिलीस, आणि खीर खाता खाता लोक मला पॉलिसीचा हप्ता विचारायला लागले. मी पॉलिसी विकत नाही. माणसं साधारण किती जगतील याचे आडाखे बांधते, त्यावर लोकांचं पेन्शन ठरतं. हेही गणितच.

कलम ५. माझी गणितवाली माणसं धम्मदीपाला. इथल्या बेस्ट नावाच्या गावातली जयंती चिप बनवणाऱ्या मशीनची चूक कुठे होईल ते आधीच हिशेबाने शोधते. मधू रेल्वेत आहे. एक गाडी रखडली की बाकीच्या कशा सोडायच्या ते ठरवतो. सुनीती जुन्या वादळांच्या नोंदींवरून समुद्राचा बांध किती उंच हवा ते काढते. संहिता शाळेत शिकवते, आणि सगळ्यांत खूश तीच आहे. आणि या साथीत रोज टीव्हीवर ज्या आलेखाकडे तू डोळे लावून बसतोस, तो काढतं कोण? सगळ्यांना मी फोन केले आहेत, पोरीने बेधडक बोलावं.

खोटं मात्र लिहिणार नाही. पदवी हातात आली की नोकरी दारात उभी राहते असं नाही. मला सुरुवातीला कोणी विचारलं नव्हतं, शिकवण्या घेऊन दिवस काढले. पण अडलेल्या गणितापाशी बसून राहायची सवय होती, तीच पुढे कामी आली.

कलम ६. हे कलम माझ्या मरणाची वाट न बघता सप्टेंबरपासून लागू. मागची खोली रिकामी केली आहे. तिथून विद्यापीठ सायकलच्या टप्प्यात आहे. प्रवेश ऑगस्टअखेरपर्यंत बदलता येतो. विवेक, ती तुझ्या 'हो'ची वाट बघते आहे. म्हणून ते दप्तर अजून खिडकीतून उतरवलेलं नाही.

कलम ७. माझ्यामागे त्रिसरण-पंचशील म्हणावं, भाषणं नकोत.

स्थळ: डीमन. दिनांक: ११ जुलै २०२०.
सही: पद्मजा भानुदास रामटेके

साक्षीदार १: तेजल, खालच्या मजल्यावरची शेजारीण. स्वतःचं पेन आणून बाल्कनीत सही केली.

साक्षीदार २: विवेक भानुदास रामटेके. सही करत नाही. सगळं वाचलं. ओट्याच्या ओळीपाशी पुढे सरकता येईना. दीपाने आत्ताच इथे बसून प्रवेश बदलला, बटण तिनेच दाबलं, मी शेजारी होतो. तिची गादी मी आणून टाकतो. कुकरची शिट्टीही बदलतो, त्यासाठी तू मरायची गरज नाही. ताई, बाबांचा कंपास मला हवा. दुसरा साक्षीदार शोध.

कलम ३ रद्द. शोधते.
पद्मजा